राऊतबाईंचा डबा

१५ जून, रविवार. उद्या शाळा उघडते आणि शिवणवर्गातलं लोखंडी कपाट आजच्या आज रिकामं करायचं आहे. त्या जागी डिजिटल फळा बसणार आहे. रविवारी यायला शिपाई तयार नव्हते, म्हणून मीच आले. चार खण, दोन तासांचं काम. वरच्या तीन खणांत जे निघायचं तेच निघालं. गंजलेल्या कात्र्या, बटणांच्या बरण्या, मुलींनी अर्धवट सोडलेले झबल्यांचे नमुने. खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तो उघडला आणि मी खुर्ची ओढून बसले.

डब्यात फारसं काही नव्हतं. जुन्या उत्तरपत्रिकांचे चौकोनी कापलेले कागद, बोटभर उरलेली पेन्सिल आणि लाल दोऱ्याने बांधलेली कडुनिंबाच्या काड्यांची जुडी. काड्या घासून सुईसारख्या गुळगुळीत केलेल्या. मी कागद न् कागद उलटून पाहिला. पोरांच्या दागिन्यांची, परत द्यायची राहिलेली एकही पुडी सापडली नाही. सापडणारही नव्हती. डबा राऊतबाईंचा होता.

माझ्या पर्समध्ये आज आणखी एक काम आहे. नव्या मुख्याध्यापिकांनी नियमांचा मसुदा दिला आहे, तो टाइप करून उद्या सकाळी फलकावर लावायचा आहे. त्यातला सातवा नियम असा : कान, नाक, भुवई किंवा शरीराच्या कोणत्याही भागास नव्याने छिद्र पाडलेले आढळल्यास विद्यार्थ्यास शाळेत प्रवेश मिळणार नाही. शाळेच्या ऑफिसात माझी सव्वीस वर्षं झाली. असे नियम मी डोळे मिटून टाइप करते. आज तो डबा समोर असताना हात चालेना.

राऊतबाई, म्हणजे इंदुमती राऊत, आमच्याकडे शिवण शिकवायच्या. घर निर्मळला, केळीच्या आणि फुलांच्या वाडीत. तिथून रोज सायकलवर यायच्या. पन्नाशीनंतर भाच्याने स्कूटर घेऊन दिली, ती त्यांनी फुलांच्या टोपल्या न्यायला लावली आणि स्वतः सायकलवरच राहिल्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, नऊवारी नेसणाऱ्या आमच्याकडच्या शेवटच्या शिक्षिका. नऊवारीत सायकल चांगली चालवता येते, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी विचारलेलं नव्हतं.

शाळेच्या फाटकावर शिस्तीची जबाबदारी त्यांची होती. शाळेत दागिने नकोत हा जुना नियम. आमच्याकडे पोरं येतात तऱ्हेतऱ्हेची. कळंबच्या कोळीवाड्यातली, होळी-निर्मळच्या वाड्यांतली, सोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगांतली. कोणाच्या कानात रिंगा, कोणाच्या नाकात चमकी, कोणाच्या कानाला वरून खाली तीन-तीन मणी. राऊतबाई प्रत्येकाचं काढून घ्यायच्या, चौकोनी कागदात पुडी बांधायच्या, वर पेन्सिलीने नाव आणि वर्ग लिहायच्या. शाळा सुटली की फाटकाशीच परत.

यात एवढं काही नाही. कोणीही हे करील. पण त्या दोन गोष्टी करायच्या ज्या कोणी करत नाही.

पहिली अशी, की ज्याचं टोचणं नवं असेल त्याच्या कानात दागिन्याच्या जागी कडुनिंबाची काडी घालायच्या. आपल्याकडे बाळाचे कान टोचले आणि सोन्याचं जमलं नाही तर घालतात तशी. भोक बुजलं तर पोराला पुन्हा टोचून घ्यावं लागेल, पुन्हा दुखेल. त्यांचं एक वाक्य होतं, ते शाळेत सगळ्यांना पाठ होतं.

"नियम दागिन्याचा आहे, भोकाचा नाही."

स्टाफरूममधले सर लोक त्यावर हसायचे. बाईंना हसण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही, किंवा कळून त्या लक्ष द्यायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट अशी. त्यांच्या स्वतःच्या कानांना सहा भोकं होती. पाळीला मोत्यांच्या कुड्या, वर कानाच्या कडेला बुगड्या आणि मध्ये एकेक बारीक बाळी. रोज सकाळी फाटकाच्या बाहेर सायकल उभी करून त्या आधी स्वतःचे सहाही दागिने उतरवायच्या. बुगडीची फिरकी काढायला वेळ लागतो. पोरं उभी राहून बघायची. मग पहिली पुडी बांधायची ती स्वतःची, वर नाव घालायचं "राऊत, शिवण", आणि मग रांगेकडे वळायचं. संध्याकाळी सगळ्या पुड्या वाटून झाल्या की शेवटची त्यांची.

एकदा घाटावरचा एक बाप भांडायला आला होता. त्याच्या आठवीतल्या मुलाने ढोलपथकासाठी कान टोचून भिकबाळी घातली होती आणि बाईंनी ती पुडीत बांधली. बाप म्हणाला, ही काही फॅशन नाही, आमची परंपरा आहे. बाईंनी डब्याच्या तळाची स्वतःची पुडी उघडून त्याच्या पुढे धरली.

"ही पण परंपराच आहे. सासूच्या सासूची. डब्यात मुकाट बसलीय. तुमची बसेल तिच्या शेजारी."

तो गृहस्थ संध्याकाळी मुलाला न्यायला आला तेव्हा त्यांना नमस्कार करून गेला.

माझ्याही कानात टॉप्स असतात. लग्नातले, साधे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी डबा माझ्यापुढे धरला होता. मी म्हटलं, मी शिक्षिका नाही, ऑफिसमधली आहे, हा नियम मला नाही. त्यांनी डबा मागे घेतला. पुन्हा कधी धरला नाही. मात्र रोज सकाळी मी फाटकातून आत जाताना त्यांची नजर एकदा माझ्या कानांवर जायची. मी त्याची सवय करून घेतली.

त्यांच्यावर लिहायचं तर निर्मळच्या जत्रेनंतरचा सोमवार सांगायला हवा. जत्रेत बंदुकीने कान टोचून देणारे बसतात. दर वर्षी सोमवारी सात-आठ पोरी आणि दोन-तीन पोरगे सुजलेले लाल कान घेऊन हजर व्हायचे. घरी सांगायची सोय नाही, कारण घरी विचारलेलं नाही. बाई त्यांना शिवणवर्गात बाकांवर ओळीने बसवायच्या. कोमट मिठाचं पाणी, उकळलेल्या कापडाचे तुकडे. एकीकडे शेकायच्या आणि एकीकडे बोलायच्या. टोचलं म्हणून नाही, घाण हाताने चाचपलं म्हणून. रडणाऱ्याला म्हणायच्या, आधी बस, मग रड. हेडसरांनी एकदा दारातून बघून विचारलं, हा शिवणाचा तास आहे का? बाई म्हणाल्या, सुईचंच काम आहे.

आणि पोरांना त्या कधीही विचारायच्या नाहीत, की का टोचलंस. बाकी सगळे तेच विचारायचे. मी सुद्धा.

संजना दहावीत होती. कळंबची. आई मंदाताई सोपाऱ्याच्या बाजारात मासे विकते, बाप बोटीवर. घरातली दहावीपर्यंत आलेली पहिली मुलगी. सहामाही परीक्षेनंतर एका सकाळी ती डाव्या भुवईत बारीक वाकडी दांडी घालून आली, दोन्ही टोकांना मणी. कोणा मैत्रिणीच्या पार्लरमधून करून घेतलेली. आमच्या शाळेत भुवई टोचलेली ती पहिली. हेडसरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मी माझ्या टेबलाशी होते. सरांनी विचारलं, कोणाचं बघून केलंस, कोणी सांगितलं, घरी काही त्रास आहे का. वर्गशिक्षिका म्हणाल्या, हिला लक्ष वेधून घ्यायचंय. संजना खाली बघत उभी होती. शेवटी म्हणाली, "मला छान वाटते म्हणून."

हे कोणालाच पुरेसं वाटलं नाही. राऊतबाई एवढंच म्हणाल्या, बरं, चल, पुडी बांधू.

इथे बाईंची चूक झाली, आणि ती मला लिहायलाच हवी, कारण त्यांनीच ती लिहायला लावली.

चाळीस वर्षं त्यांनी पोरांच्या कानांत काड्या घातल्या होत्या. भुवईचंही तसंच असेल असं त्यांनी धरलं. दांडी काढली, पुडी बांधली, बारीकातली बारीक काडी निवडून तिथे घातली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी खेळाच्या तासाला संजनाला कोणाचा तरी कोपर लागला आणि काडी आतल्या आत मोडली. पोरगी कोणाला बोलली नाही. चौथ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला होता. सोपाऱ्याच्या डॉक्टरांनी कापून तुकडा काढला. म्हणाले, डोळ्यावर गेलं नाही हे नशीब. ती दांडी होती तशी राहिली असती तर काही झालं नसतं, ताजी जखम हलवली म्हणून हे झालं.

दुसऱ्या दिवशी मंदाताई बाजारातून तडक शाळेत आली. माशांची पाटी फाटकाशी ठेवून आत आली ती थेट राऊतबाईंसमोर.

"बाय, पोरीनं येडेपना केला, तिला मी घरी बघते. पन काडी कोनी घातली?"

"मी घातली," बाई म्हणाल्या.

"मंग आता तुमीच बघा."

मंदाताई निघून गेली. बाई त्या दिवशी तासाला गेल्या नाहीत. शिवणवर्गात बसून होत्या. मी चहा नेऊन दिला, तो तसाच राहिला.

त्याच दुपारी हेडसरांनी मला बोलावलं. घटनेची नोंदवही असते, तिच्यात लिहायला सांगितलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. विद्यार्थिनीने स्वतः भुवईस छिद्र पाडून घेतल्याने जखम चिघळली. शाळेच्या शिस्तीस बाधा येत असल्याने पालकांनी दाखला घेऊन जावा. सर वाईट माणूस नव्हते. राऊतबाईंच्या निवृत्तीला चार महिने होते, त्यांच्या सेवापुस्तकात चाळीस वर्षांत एकही काळी रेघ नव्हती. ती वाचवायची होती. त्यासाठी मुलगी गेली तर त्यांच्या मते फार मोठं काही जात नव्हतं, तिने टोचलं तर होतंच. मला हे पटलं होतं असं नाही. पण लिहिताना मी थांबलेही नाही. नोंद झाली, मग दाखलाही टाइप केला आणि सहीसाठी फाइलमध्ये ठेवला. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला तीन महिने असताना दाखला हातात पडला, की कळंबची पोरगी पुढे कुठे जाते हे मला माहीत होतं. आईच्या शेजारी, पाटीवर.

शाळा सुटल्यावर बाई पुड्या वाटून ऑफिसात आल्या. संजनाची पुडी हातात होती. काडी मोडली त्या दिवशी ती पुडी न घेताच घरी गेली होती, म्हणून पत्ता हवा होता. नोंदवही टेबलावर उघडी होती. त्यांनी चष्मा लावून वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं, सरांनी सांगितलं.

"अक्षर तुझं आहे, सावंत."

त्यांनी माझं पेन उचललं. माझं लिहिलेलं खोडलं नाही. त्याच्या खाली त्यांच्या त्या गोल, शिवणीच्या टाक्यांसारख्या अक्षरात लिहिलं : मुलीने दांडी घातली होती ती बरी होती. ती काढून काडी मी घातली. जखम माझ्या काडीने झाली. मुलीचा दोष नाही. खाली सही, हुद्दा, तारीख. मग पेन टोपण लावून जागेवर ठेवलं.

मी म्हटलं, बाई, चारच महिने राहिलेत.

"म्हणूनच. नंतर कोण लिहिणार?"

ही नोंद असताना मुलीला काढता येणार नव्हतं. दाखल्याचा कागद मी दुसऱ्या दिवशी फाडला. राऊतबाईंना संस्थेचं पत्र आलं, लेखी ताकीद. ते सेवापुस्तकात चिकटवायचं काम माझं होतं. फाटकावरची जबाबदारी काढून घेतली. चाळीस वर्षांनंतर पहिल्यांदा त्या दागिने घालून फाटकातून आत येऊ शकल्या असत्या. आल्या नाहीत. बाहेर सायकल थांबवायच्या, सहा दागिने काढायच्या, पुडी बांधायच्या. रांग नसायची, एवढाच फरक.

आणि संध्याकाळी सायकल कळंबच्या रस्त्याला लागायची. बारा दिवस रोज जाऊन त्यांनी संजनाची जखम डॉक्टरांनी सांगितली तशी धुतली. जाताना कॅरियरला केळ्यांचा फणा. पहिले चार दिवस मंदाताईने त्यांना बसा म्हटलं नाही. त्या ओट्यावर उभ्या राहून काम करायच्या आणि निघायच्या. पाचव्या दिवशी आतून पाट आला. आठव्या दिवसापासून सकाळी आमच्या स्टाफरूममध्ये सुक्या बोंबलांचा वास यायला लागला. परतीची भेट बाईंच्या पिशवीत असायची आणि पिशवी घरी रिकामी करायला त्या विसरायच्या. इंग्रजीच्या सरांनी तक्रार केली. बाई म्हणाल्या, वासाचा नियम कुठे लिहिलाय दाखवा.

या बारा दिवसांत त्यांनी आपली रीत बदलली. साठीला आलेलं माणूस रीत बदलत नाही, निदान मी पाहिलेलं नाही. त्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊन विचारून आल्या आणि हेडसरांना म्हणाल्या, ताजं टोचलेलं काढायचं नाही, वरून चिकटपट्टी लावायची, कातडीच्या रंगाची मिळते. सर म्हणाले, पण पट्टीच्या आत दागिना असेलच ना? बाई म्हणाल्या, आत काय आहे ते मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं का? सरांनी मान डोलावली. संजनाची भुवई बरी झाल्यावर तिने पुन्हा टोचून घेतली, तेव्हा घरी सांगून. दहावीचे सगळे पेपर ती भुवईवर पट्टी लावून देऊन आली. पास झाली. फार चांगले गुण नाहीत, पण पास.

बारावीला होती तेव्हा बाजारात भेटली. भुवईत काही नव्हतं, नुसता पांढरा ठिपका. मी विचारलं, अगं, ते कुठे गेलं? म्हणाली, "काढलं मॅडम. कंटाळा आला." एवढं रामायण झालं आणि हिला कंटाळा आला. मी चिडून निर्मळला राऊतबाईंना जाऊन सांगितलं. त्या मोगऱ्याच्या कळ्या खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, तिची भुवई आहे.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, वसईच्या एका दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटाचं ऑपरेशन होतं. मी दुपारी गेले तेव्हा नर्सने अंगावरचं सगळं काढायला सांगितलं होतं आणि बाई फिरक्या सोडवत बसल्या होत्या. एका बुगडीची फिरकी अडकली होती, ती मी सोडवली. त्यांनी सहाही दागिने माझ्या तळहातावर ठेवले.

"पुडी कर. नाव घाल."

कागद नव्हता. औषधांच्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूत बांधली. वर लिहिलं : राऊत, शिवण. त्यांनी वाचून पाहिलं आणि उशीखालून काड्यांची जुडी काढली. भाच्याच्या बायकोकडून मागवून घेतली होती. एकेक करून सहाही भोकांत काड्या घातल्या. आरशाशिवाय.

नर्स आली. "आजी, हे काय घातलंत? सगळं काढायचं सांगितलं होतं ना?"

"दागिने काढले. ही काडी आहे."

"पण कशाला आता?"

"परत आल्यावर घालायचेत मला," बाई म्हणाल्या. "भोकं बुजली तर?"

नर्सने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की डॉक्टरांना विचारा, यांना नियम माहीत असतात. ती हसली आणि विचारायला गेली. मी निघाले तेव्हा बाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, दोन्ही कानांत तीन-तीन काड्या. दारातून वळून बघितलं तर त्यांची नजर नेहमीच्या जागी होती. माझ्या टॉप्सवर.

त्या परत आल्या नाहीत. पुडी मी भाच्याकडे पोचती केली.

हे सगळं आठवता आठवता पाच वाजले. कपाट रिकामं झालं. कात्र्या भंगारात, बटणं बालवाडीला. डबा मी ठेवून घेतला.

१६ जून, सोमवार. सकाळी साडेसहाला ऑफिस उघडलं. सातवा नियम टाइप केला, पण दिला होता तसा नाही. शाळेत दागिने घालू नयेत. घालून आल्यास फाटकाशी काढून ठेवावेत, सुटताना परत मिळतील. टोचणे ताजे असल्यास काढू नये, पट्टीने झाकावे. तो कागद आणि जुन्या नोंदवहीतलं ते पान, दोन्ही मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी आधी नियम वाचला, मग पान वाचलं, वरचं माझं आणि खालचं बाईंचं. मग विचारलं, फाटकावर उभं कोण राहणार? मी म्हटलं, मी. त्यांनी सही केली.

नियम फलकावर लावला. सात वाजता डबा घेऊन फाटकाबाहेर गेले. पोरं यायला लागली होती. कानातले टॉप्स काढले. फिरक्या सव्वीस वर्षांच्या, जरा घट्ट होत्या. चौकोनी कागदात पुडी बांधली, त्याच पेन्सिलीने वर लिहिलं "सावंत, ऑफिस", आणि पुडी डब्यात तळाशी ठेवून रांगेकडे वळले.